रोबो, छापलेला सांधा आणि आपला खुबा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

झरी जामणी हा कोलाम-गोंडांची मोठी वस्ती असलेला, कापसावर जगणारा तालुका. इथे सांधे बिघडण्याचं कारण एकच नाही. उतारवयात गुडघा झिजतो, सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे ऐन तारुण्यात खुबा निकामी होऊ शकतो. जिल्ह्यातल्या काही गावांत पाण्यातलं फ्लोराईडही सांधे आखडवतं. अशा वेळी शहरातल्या जाहिरातींतला रोबो आणि मोबाईलवरचा ‘छापलेला गुडघा’ पाहून आशा वाढते. त्यात खरं किती?

गैरसमज: ऑपरेशन रोबोच करतो.
वस्तुस्थिती: सांध्याचा नकाशा सीटी स्कॅनवरून किंवा ऑपरेशनच्या वेळी हाडावर खुणा घेऊन तयार होतो. हाड कुठे, किती कापायचं हे सर्जन ठरवतो. बहुतेक यंत्रांत करवत त्याच्याच हातात असते. रोबो ती आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. काही यंत्रं हाड आपोआप तासतात, पण आखणी आणि देखरेख सर्जनचीच. हे तंत्र अगदी नवंही नाही: ‘रोबोडॉक’ने खुब्याच्या शस्त्रक्रियेत पहिल्यांदा काम केलं ते 1992 मध्ये.

गैरसमज: रोबोने बसवलेला गुडघा हमखास जास्त टिकतो.
वस्तुस्थिती: कृत्रिम भाग नेमक्या कोनात बसवण्यात रोबोची मदत होते. मात्र दक्षिण कोरियात सुमारे 1,400 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सरासरी 13 वर्षांनी पाहिलं तेव्हा चालणं-फिरणं, वेदना आणि टिकाऊपणा यांत रोबो आणि नेहमीची पद्धत यांच्यात फरक आढळला नाही. त्या चाचणीतलं यंत्र जुन्या पिढीचं होतं, हे खरं. तरीही सर्जनचा अनुभव आणि जंतुसंसर्ग टाळण्याची काळजी यांची जागा यंत्र घेत नाही.

गैरसमज: आता जिवंत सांधा छापून मिळतो.
वस्तुस्थिती: थ्रीडी छपाईने बनवलेले टायटॅनियमचे भाग वापरात आहेत, पण ते धातूच. जिवंत पेशींची कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेला गुळगुळीत थर) छापणं अजून प्रयोगशाळेत आहे. दिल्लीच्या आयआयटीत रेशमातल्या प्रथिनांची ‘जैवशाई’ वापरून त्यावर काम झालं आहे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाला जिवंत गुडघा घडवण्यासाठी 2024 मध्ये सरकारी निधी जाहीर झाला. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्यामुळे ती स्वतःहून नीट भरून येत नाही. शिवाय छापलेल्या कूर्चेला रोज अंगाचा भार पेलावा लागेल. अडचण तिथेच आहे.

गैरसमज: तरुणाचा खुबा दुखतो म्हणजे कामाचा ताण किंवा वात.
वस्तुस्थिती: सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड मरू लागतं. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो; एमआरआयमध्ये बिघाड कळतो. गोळा खचण्याआधी निदान झालं तर तो वाचवण्याचे प्रयत्न करता येतात. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून हाडाच्या पेशी वाढवून त्या खुब्यात सोडण्याच्या मुंबईतल्या एका कंपनीच्या उपचाराला 2017 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. त्यात छपाई नाही, आणि पार खचलेल्या खुब्यासाठी तो नाही.

गैरसमज: सांधा बदलला की सगळं संपलं.
वस्तुस्थिती: सिकलसेलच्या रुग्णाला शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा आणि वेदनेचा झटका येण्याचा धोका जास्त. त्याच्यासाठी रोबोपेक्षा रक्तपेढी आणि सिकलसेल हाताळलेले डॉक्टर महत्त्वाचे. फ्लोराईडचं दुखणं असेल तर लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या आतलं पाणी मिळाल्याशिवाय आजार थांबत नाही.

गैरसमज: गरिबाला सांधा बदलणं शक्यच नाही.
वस्तुस्थिती: गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्राने ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातली. सर्जनची फी आणि रोबोचं शुल्क मात्र त्यात येत नाही, म्हणून एकूण खर्च लेखी मागावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी त्याला विचारावं.