टीव्हीवरचं कार्टून रामायण आणि शाळेतली मीना, या दोघांमागे एकच माणूस होता : राम मोहन

तुम्ही नागपूरच्या सक्करदऱ्यात वाढलेले असा की मुंबईच्या दादरमध्ये, लहानपणी कार्टून नेटवर्कवर रामायणाचा सिनेमा पाहिला असेल, तर त्यातले मोठ्या डोळ्यांचे राम-सीता आठवतच असतील. हा सिनेमा जपानी म्हणून ओळखला जातो. पण त्याच्या दिग्दर्शकांमध्ये मुंबईत काम करणारे एक भारतीय होते. राम मोहन.

सुरुवात सरकारी नोकरीतून

१९३१ साली जन्मलेले राम मोहन शिकले रसायनशास्त्र, पण हात वळला चित्रांकडे. १९५६ मध्ये ते मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभागात लागले. तिथं शिकवायला आले होते डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स, म्हणजे ‘बांबी’वर काम केलेला माणूस.

पण आपल्याकडे कार्टून सिनेमाला तेव्हा बाजारच नव्हता. १९७२ मध्ये राम मोहन यांनी स्वतःची कंपनी काढली, ती तगली जाहिराती आणि छोट्या कामांवर. मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’, सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’, ‘पती पत्नी और वो’ या सिनेमांतलं ॲनिमेशन त्यांचंच. पूर्ण लांबीचा सिनेमा हाती यायला साठी उजाडली.

मग आली मीना

नव्वदच्या दशकात युनिसेफला दक्षिण आशियातल्या मुलींसाठी एक पात्र हवं होतं. राम मोहन यांनी मीना घडवली. भाऊ राजू शाळेत जातो, मीना घरी राबते. मग ती आपल्या मिठू पोपटाला शाळेत पाठवते, त्याच्याकडून आकडे शिकते आणि कोंबड्या मोजताना चोरी पकडते. मुलीला शिकवलं तर घराचाच फायदा, हे भाषण न देता सांगितलं गेलं. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांमधला ‘मीना राजू मंच’ हे नाव याच भावंडांवरून आलंय.

रामायण, पण उशिरा

जपानच्या युगो साको यांनी रामायणावर सिनेमा करायचं ठरवलं, तेव्हा राम मोहन सहदिग्दर्शक झाले. वेशभूषा, वास्तू, नमस्कार करायची पद्धत, हे सगळं भारतीय दिसायला हवं होतं. सुमारे ४५० कलाकार आणि हातानं काढलेली जवळपास एक लाख चित्रं लागली. १९९३ मध्ये दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, पण थिएटरमध्ये मोठा प्रेक्षक मिळाला नाही. पोरांपर्यंत तो टीव्हीमुळं पोचला.

२०१४ मध्ये राम मोहन यांना पद्मश्री मिळाली. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांचं निधन झालं. साको २०१२ मध्येच गेले होते.

जानेवारी २०२५ मध्ये हा सिनेमा नव्या झळाळीत देशभर थिएटरमध्ये लागला. टीव्हीवर तो पाहिलेली पोरं आता आपापल्या मुलांना घेऊन तिकीट काढत होती. ते बघायला दोघंही नव्हते.