लोकशिक्षणाची नवी दालने – लेखांक ५ : कृष्णाकाठचा प्रथमोपचार

अपघात घडल्यापासून किंवा आजार अचानक उद्भवल्यापासून रुग्ण डॉक्टरांच्या हाती पोहोचेपर्यंतच्या काळात जवळच्या माणसाने केलेली मदत म्हणजे प्रथमोपचार. जीव टिकवणे, इजा वाढू न देणे आणि पुढील उपचारांना अडथळा होऊ न देणे एवढीच त्याची मर्यादा असते. समुदाय महाविद्यालय, म्हणजेच बोलण्यातले कम्युनिटी कॉलेज, या व्यवस्थेची ओळख मागील लेखांकात झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून राबवलेल्या या योजनेत चालू महाविद्यालयांतच सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि एक वर्षाची पदविका देण्याची सोय करण्यात आली, आणि स्थानिक गरज हा अभ्यासक्रमाचा पाया ठरवण्यात आला. आरोग्य व प्रथमोपचाराच्या अभ्यासक्रमांना हे तत्त्व विशेष लागू पडते, कारण शरीरशास्त्र सर्वत्र सारखे असले तरी जिवावरचे धोके त्या त्या मुलखाचे असतात.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णा, कोयना आणि वारणा यांच्या खोऱ्यांत बागायत वाढली तसा ऊस वाढला. उसाच्या दाट फडात उंदरांना आसरा मिळतो आणि उंदरांमागे साप येतात. शेतात अनवाणी वावरणारा शेतकरी, रात्री पिकाला पाणी पाजणारा गडी आणि हंगामात फडाशेजारी कोपी उभारून राहणारे ऊसतोड मजूर यांना सर्पदंशाचा धोका अधिक असतो. भारतात मानवी मृत्यूंना प्रामुख्याने कारणीभूत ठरणाऱ्या चार विषारी सापांपैकी नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते, तर घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि त्या दंशाच्या वेदना फार जाणवत नाहीत, म्हणून पापण्या जड होणे, गिळताना त्रास होणे आणि श्वास मंदावणे ही लक्षणे ओळखता येणे प्रथमोपचारकासाठी अत्यावश्यक ठरते. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाल्याचा संशोधकांचा अंदाज आहे आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातील आहेत.

सर्पदंशाच्या बाबतीत प्रशिक्षणाचा निम्मा भाग रूढ उपाय सोडून देण्याचा असतो. दंशाच्या वर दोरी करकचून आवळणे, जखमेवर ब्लेडने चिरा पाडणे, विष तोंडाने ओढणे, झाडपाल्याचा लेप लावणे आणि विष उतरवण्यासाठी मांत्रिकाकडे नेणे हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. दोरी आवळल्याने रक्तपुरवठा तुटून अवयव निकामी होऊ शकतो, आणि घोणस चावली असेल तर रक्त गोठत नसल्यामुळे चिरेतून होणारा रक्तस्राव थांबत नाही. दंशाच्या प्रत्येक वेळी साप पुरेसे विष सोडतोच असे नाही आणि अनेक साप बिनविषारी असतात, त्यामुळे असे रुग्ण कोणत्याही उपायाने बरे झालेले दिसतात आणि त्या उपायावरचा विश्वास पक्का होत जातो. हा कार्यकारणभाव विद्यार्थ्याला उलगडून सांगितला तरच तो गावात परतल्यावर वडीलधाऱ्यांना आदराने, पण ठामपणे थांबवू शकतो.

योग्य कृती त्या मानाने साधी आहे. रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने, न आवळता, स्थिर ठेवावा आणि सूज चढण्यापूर्वी अंगठी, बांगड्या, जोडवी काढून घ्यावीत. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला किंवा मिळेल त्या वाहनाला बोलावून, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयाकडे निघावे. प्रतिसर्पविष म्हणजे घोड्यांना सर्पविषाची अल्प मात्रा टप्प्याटप्प्याने टोचून त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून केलेले औषध. वरील चारही सापांच्या विषावर ते चालते, पण त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकत असल्यामुळे ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. प्रथमोपचारकाची कामगिरी वेळ वाचवण्यात आहे, आणि दंशाची वेळ, दिसलेली लक्षणे व त्यांचा क्रम नीट सांगणे ही त्याने डॉक्टरांना केलेली मोठी मदत असते.

या खोऱ्याचा दुसरा धोका पाण्याचा आहे. २००५, २००६, २०१९ आणि २०२१ या वर्षांत कृष्णेच्या पुराने सांगली परिसराला वेढले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. बुडालेल्या माणसाला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची पद्धत आजही दिसते, परंतु तिच्यामुळे मोलाचा वेळ जातो आणि पोटातील अन्न श्वासनलिकेत शिरण्याची भीती असते. बुडालेल्याचे हृदय प्राणवायूच्या अभावाने थांबत असल्यामुळे त्याला आधी तोंडाने श्वास द्यावा लागतो आणि मग छातीवर दाब द्यावा लागतो. प्रौढ व्यक्तीसाठी तीस दाबांनंतर दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२० दाब आणि प्रत्येक दाबाची खोली सुमारे पाच सेंटिमीटर, असे त्याचे प्रमाण आहे.

ही खोली आणि ही गती वाचून हाताला समजत नाही, त्यासाठी सरावाचा पुतळा आणि चुका दुरुस्त करणारा प्रशिक्षक लागतो. हे कौशल्य सरावाअभावी काही महिन्यांतच मंदावते, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. म्हणून प्रमाणपत्र दिले की काम संपले असे मानता येणार नाही आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांची उजळणी हा अभ्यासक्रमाचाच भाग असला पाहिजे. अशा शिक्षणाला या दोन जिल्ह्यांत भक्कम आधार आहे. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने श्रम करणाऱ्याला विद्यार्थी म्हणून मान दिला, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या रुग्णालयामुळे नावारूपाला आलेल्या मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. श्रमिकांचे शिक्षण आणि वैद्यकीय ज्ञान या दोन परंपरा समुदाय महाविद्यालयाच्या वर्गात एकत्र आणता येतात. मात्र त्यासाठी वर्गाची वेळ शेतीच्या कामाला सोयीची हवी, भाषा मराठी हवी आणि प्रात्यक्षिके फडाच्या बांधावर व नदीच्या घाटावर व्हायला हवीत. प्रत्येक गावात असे प्रशिक्षित चार-पाच स्त्री-पुरुष असतील, तर रुग्णालयापर्यंतच्या वाटेवर वाया जाणारा बराच वेळ आणि त्याबरोबर जाणारे कित्येक जीव वाचू शकतील.

पुढील लेखांकात रुग्णसेवकांच्या अभ्यासक्रमाचा आणि त्यातून मिळणाऱ्या रोजगाराचा विचार केला जाईल.