दवाच्या फडक्यावर काय काय उतरतं?

हरभरा घाट्यावर आला की आमच्या भागात बायका अजूनही आंब धरतात. संध्याकाळी पिकावर जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं पसरायचं, रात्रभर दव पडू द्यायचं आणि ऊन यायच्या आत ते पिळून बाटलीत भरायचं. पोटदुखीवर, अजीर्णावर थेंब-थेंब पाण्यातून देतात. हा आंबटपणा हरभऱ्याचाच. त्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून मॅलिक, ऑक्झॅलिक अशी आम्लं पाझरतात आणि दवात उतरतात.

पण मैत्रिणींनो, दवात पानावरचंच तेवढं उतरतं असं थोडंच आहे! आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, आमचं शेत वीटभट्टीला लागून. फडकं सकाळी काळपट निघतं. ही आंब नातवाला देऊ का?" मी सरळ सांगितलं, नको देऊ.

धुक्याचा थेंब नुसत्या हवेत धरत नाही. त्याला धुळीचा, धुराचा नाहीतर मिठाचा एखादा कण लागतो. थेंब केसाच्या जाडीहूनही बारीक, आणि तासन्‌तास जमिनीलगत धुरातच तरंगणारा. पाणी थोडं नि घाण फार, म्हणून पावसाच्या पाण्यापेक्षा ती कितीतरी दाट. त्यात थंडीत खालची हवा गार आणि वरची उबदार झाली, की पातेल्यावर झाकण ठेवावं तसा धूर खालीच कोंडतो. कोळशाच्या धुरातून गंधकाचं, गाड्यांच्या धुरातून नत्राचं आम्ल त्या थेंबात तयार होतं. कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञांनी धुकं गोळा करून तपासलं, तर काही नमुने लिंबाच्या रसाइतके आंबट निघाले. ते निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९८७ मध्ये तर तिथल्या शेतांवरच्या धुक्यात कीटकनाशकं सापडल्याचं जाहीर झालं. आपल्याकडेही घाटेअळीसाठी फवारणी होतेच की!

महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी दव गोठतं, तेव्हा लोक गाड्यांच्या टपावरचे हिमकण हौसेनं गोळा करतात. करा, पण तोंडात नका घालू.

खरं सांगायचं तर वीटभट्टी आपल्या हातात नसते, पण न्हाणीघरातला बंब असतो. पहाटे तो पेटवायला प्लॅस्टिकच्या पिशव्या, टायरचे तुकडे किती घरांत घालतात, ते मी गल्लोगल्ली पाहिलंय. अंगणातला पाला-कचराही झाडून लगेच पेटवला जातो, तोही नेमका धुक्याच्या वेळी. तो धूर जातो कुठं? शेजारच्या दमेकरी आजींच्या छातीत आणि आपल्याच भाजीच्या पानांवर. आमच्या गल्लीत आता पाला खड्ड्यात जातो. बंबाला काटक्या नाहीतर गोवऱ्या. धूर त्यांचाही होतोच, पण प्लॅस्टिकचा विषारी वास तरी गेला. दम्याच्या बायका ऊन वर आल्यावर, धुकं विरल्यावर फिरायला निघतात.

आणि आंब धरायचीच असेल, तर रस्ता, भट्टी, गुऱ्हाळ यांपासून लांबचं शेत बघा. फवारणी झाली असेल तर फडकं पसरूच नका. फडकं पांढरंच घ्या, काळं निघालं तर लगेच कळतं.