एबीएसचा दिवा आणि चाकामागची वायर

एबीएसचा दिवा पेटला, स्कॅनरने पुढच्या डाव्या चाकाचा कोड दाखवला, की लगेच त्या चाकाचा वेग मोजणारा नवा सेन्सर बसवतात. ही घाई मला पटत नाही. कोड अख्ख्या सर्किटकडे बोट दाखवतो. पुढच्या चाकाच्या सेन्सरची वायर स्टिअरिंगबरोबर सतत वाकते आणि आवरणाच्या आतच तुटते. बाहेरून धडधाकट दिसते. आधी कनेक्टर उघडून पिनांवरचा हिरवट गंज पाहावा. जुन्या, गुंडाळीच्या सेन्सरचा रोध बहुधा १००० ओहमच्या आसपास भरतो. वायर हलवताना आकडा उड्या मारू लागला, तर दोष सापडला. नव्या सक्रिय सेन्सरला मात्र ओहममीटर लावू नये. त्याला व्होल्टेज मिळतो का ते बघावे. चाक हळू फिरवल्यावर प्रवाह साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअरमध्ये बदलायला हवा. मेकॅनिककडून एवढे तपासून घ्या, मगच नव्या सेन्सरचे पैसे मोजा.