घरचा संगणक (लेखांक ९) : मॉनिटर बदलताना

गेल्या आठवड्यात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून जुन्या संगणकाला वेग कसा आणायचा ते पाहिलं. त्या संगणकासमोरचा मॉनिटर मात्र बहुतेक घरांत संगणकाहून म्हातारा असतो. सीपीयू बदलतो, माउस किती झाले याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मॉनिटरला मात्र ‘दिसतंय ना, मग राहू दे’ हा न्याय. तो बंद पडला की घाईघाईने नवा आणला जातो आणि खोक्यावरचे जे आकडे डोळ्यांत भरतात, ते घरगुती वापराच्या दृष्टीने बहुधा बिनकामाचे असतात.

आधी तो खरंच गेला आहे का, हे बघू. पहिलं काम केबल बदलून पाहण्याचं. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात असं दुरुस्तीवाले सांगतात, आणि त्यात त्यांचं नुकसान असूनही सांगतात. चित्र दोन सेकंद येऊन विझत असेल, तर अंधारात पडद्यावर टॉर्च तिरका मारा. आत पुसटशी खिडकी किंवा आयकॉन दिसले, तर चित्र शाबूत आहे, मागचा दिवा म्हणजे बॅकलाइट किंवा त्याला वीज देणारा भाग गेला आहे. पॉवरचं बटण दाबल्यावर मॉनिटर पाच-दहा मिनिटं लुकलुकून मग सुरू होत असेल, तर आतले कपॅसिटर फुगले असण्याची शक्यता मोठी. ते बदलणं स्वस्तात होतं. पुण्यात तपकीर गल्लीसारख्या ठिकाणी सुटे भाग सहज मिळतात. पण मॉनिटर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये विजेचा भार काही काळ राहतो आणि त्याचा झटका जबर असतो. पडद्यावर उभी रेघ कायमची उमटली असेल किंवा काच तडकली असेल, तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नये. पॅनल हाच मॉनिटरचा सगळ्यात महाग भाग. तो बदलण्याच्या खर्चात नवा मॉनिटर येतो.

आता नवा घ्यायचाच, तर इंचांपासून सुरुवात करू, कारण पहिली फसगत इथेच होते. मॉनिटरचा इंच कर्णावर मोजतात, आणि कर्ण तेवढाच असला तरी पडदा रुंद झाला की उंची घटते. जुना चौकोनी १७ इंची मॉनिटर साधारण १०.६ इंच उंच होता. त्याच्या जागी ‘त्याहून मोठा’ म्हणून १८.५ इंची रुंद मॉनिटर आणला, तर उंची ९ इंचांवर येते. पत्र टाइप करताना एका वेळी कमी ओळी दिसतात, आणि मोठा घेऊनही लहान का वाटतोय हे कळत नाही. जुन्या १७ इंची चौकोनीची उंची राखायची तर रुंद मॉनिटर किमान २१.५ इंची हवा. १९ इंची चौकोनीची राखायची तर २४ इंची. घरच्या वापरासाठी, विशेषतः लिहिण्या-वाचण्यासाठी, उंचीच महत्त्वाची. रुंदी सिनेमाच्या कामाची.

याला जोडूनच दुसरा मुद्दा, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा. पडद्यावर एका इंचात किती बिंदू म्हणजे पिक्सेल मावतात? स्वस्त मॉनिटर आज बहुतेक १९२० × १०८० पिक्सेलचे असतात, मग आकार २१.५ असो, २४ असो की २७. पिक्सेल तेवढेच, फक्त ते कमी-जास्त ताणून पसरलेले. २१.५ इंचात दर इंचाला सुमारे १०२ पिक्सेल पडतात, २४ इंचात ९२, आणि २७ इंचात जेमतेम ८२. म्हणजे दुकानात ‘थोडेच पैसे जास्त, २७ इंची घेऊन जा’ असं सांगतात तेव्हा तुम्ही जास्त पैसे देऊन जाडीभरडी अक्षरं घरी आणता. २७ इंच हवेच असतील तर २५६० × १४४० चा घ्यावा. त्यात दर इंचाला १०९ पिक्सेल मिळतात, पण तो स्वस्त मॉनिटरांच्या बजेटबाहेर जातो.

इंग्रजी वाचणाऱ्याला हा फरक चालवून घेता येतो. मराठी वाचणाऱ्याला तो छळतो. इंग्रजी अक्षर एका पट्टीत बसतं, फार तर वर-खाली एखादी काडी. आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, पाय मोडणं. शिवाय जोडाक्षरांची उतरंड. एवढा सगळा ऐवज त्याच ओळीच्या उंचीत बसवायचा, म्हणून मूळ अक्षराच्या वाट्याला पिक्सेल कमीच येतात. रफार आणि अनुस्वार शेजारी आले की विरळ पिक्सेलच्या पडद्यावर त्यांचा एकच ठिपका होतो. दुकानात मॉनिटर तपासायचा सोपा उपाय म्हणजे दुकानदाराने लावलेला समुद्रकिनाऱ्याचा व्हिडिओ बंद करायला सांगा, एखादं मराठी वर्तमानपत्र उघडा आणि ‘कार्यकर्त्यांच्या’ असा शब्द नेहमीच्या आकारात, हातभर अंतरावरून वाचा. रफार वेगळा आणि अनुस्वार वेगळा दिसला तर पुढे बोलू. मासे पोहण्याच्या व्हिडिओत सगळेच मॉनिटर सुंदर दिसतात.

अक्षरं बारीक वाटली तर एक चूक घरोघरी होते. सेटिंगमध्ये जाऊन १९२० चं रिझोल्यूशन १३६६ वर आणतात. अक्षरं मोठी होतात खरी, पण पुसट होतात, कारण प्रत्येक बिंदू आता आडव्या-उभ्या दिशेने सुमारे १.४ बिंदूंत कसाबसा बसवला जातो. रिझोल्यूशन मॉनिटरचं जे मूळ असेल तेच ठेवावं आणि विंडोजमधलं स्केलिंग १२५ टक्क्यांवर न्यावं. अक्षरं मोठीही होतात आणि धारदार राहतात. नवा मॉनिटर आणण्याआधी जुन्यावर एवढं करून पाहिलं, तर खरेदीची गरज उरणार नाही अशीही घरं निघतील.

पॅनलचे तीन प्रकार बाजारात ऐकू येतात. टीएन हा जुना आणि स्वस्त. खालून पाहिलं की चित्र काळवंडतं, बाजूने पाहिलं की रंग बदलतात. आजोबा खुर्चीत, नात मागे उभी, अशा घरात तो निरुपयोगी. व्हीए पॅनलचा काळा रंग खरंच काळा दिसतो, त्यामुळे रात्री सिनेमा पाहणाऱ्यांना तो आवडेल. मात्र काळ्या पार्श्वभूमीवर मजकूर वेगाने सरकवला तर मागे धुरकट शेपूट राहते. आयपीएसमध्ये काळा रंग थोडा राखाडी वाटतो, पण कुठूनही पाहिलं तरी रंग जागेवर राहतात. घरासाठी आयपीएस घ्या. काही वर्षांपूर्वी तो महाग होता, आता स्वस्त मॉनिटरांतही सर्रास मिळतो, त्यामुळे यावर आणखी काथ्याकूट करण्यात अर्थ नाही.

खोक्यावरच्या बाकीच्या आकड्यांचं काय? ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ म्हणून लाखात किंवा कोटीत लिहिलेला आकडा म्हणजे बॅकलाइट पूर्ण मंद करून आणि पूर्ण वाढवून केलेली करामत. एकाच चित्रात तो फरक कधीच दिसत नाही. खरा आकडा आयपीएससाठी साधारण १०००:१ आणि व्हीएसाठी ३०००:१ च्या घरात असतो. ‘१ मिलिसेकंद’ ही गोष्ट गेम खेळणाऱ्यांची. स्वस्त मॉनिटरवर ‘एचडीआर’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की तो तसा सिग्नल स्वीकारतो. तो झगमगाट दाखवायला लागणारा प्रकाश त्याच्याकडे नसतो. १०० हर्ट्झचा रिफ्रेश रेट मात्र, ६० च्या भावात मिळत असेल तर, जरूर घ्यावा. मजकूर सरकवताना डोळ्यांना तो फरक जाणवतो. फक्त घरी आल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये १०० निवडायला विसरू नका. अनेकांचे मॉनिटर वर्षभर ६० वरच चालतात.

जुन्या संगणकाला नवा मॉनिटर जोडताना खरी अडचण पिनांची. सीपीयूच्या मागे फक्त निळी व्हीजीए पिन असेल तर व्हीजीए असलेलाच मॉनिटर शोधावा. स्वस्त मॉडेलांत ती अजूनही सापडते. पांढरी डीव्हीआय असेल तर काम सोपं. साध्या डीव्हीआय-एचडीएमआय केबलने भागतं, कारण दोन्हीकडे सिग्नल डिजिटलच असतो. व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जायचं असेल तर नुसती केबल चालत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो आणि त्याची दिशा ठरलेली असते. एचडीएमआय संगणकाकडे आणि व्हीजीए मॉनिटरकडे, असा कन्व्हर्टर उलटा लावून कितीही वाट पाहिली तरी पडदा काळाच राहणार. व्हीजीएवर अक्षरं थरथरत असतील तर मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण एकदा दाबावं.

मॉनिटरऐवजी ३२ इंची टीव्ही घ्यावा, दोन कामं होतील, हा सल्ला नातलगांच्या प्रत्येक घोळक्यात एक जण देतोच. ३२ इंची स्वस्त टीव्ही बहुतेक ‘एचडी रेडी’ असतो, म्हणजे १३६६ × ७६८. दर इंचाला ४९ पिक्सेल. वर सांगितलेला ‘कार्यकर्त्यांच्या’ हा शब्द त्यावर वाचून पाहा. टीव्ही दहा फुटांवरून पाहायला केलेला असतो, आणि दोन फुटांवर बसणाऱ्याच्या तक्रारी ऐकायला त्याच्या निर्मात्याला सवड नसते.

पैसे खरोखर कमी असतील तर माझी पसंती नव्या हलक्या मॉनिटरपेक्षा रिफर्बिश्डला आहे. मोठ्या कंपन्या भाडेकराराची मुदत संपली की शेकड्याने मॉनिटर बदलतात आणि ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत येतात (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलण्यात अजून लॅमिंग्टनच). हे मॉनिटर ऑफिससाठी केलेले असतात. आयपीएस पॅनल, वर-खाली होणारा, वळणारा स्टँड, डिस्प्लेपोर्टसकट सगळ्या पिना. आठ-दहा हजारांच्या आतल्या नव्या मॉनिटरचा स्टँड बहुधा फक्त पुढे-मागे झुकतो. घेताना पूर्ण पांढरा पडदा लावून कोपरे पिवळट किंवा काळसर झालेत का ते पाहा, ब्राइटनेस शंभरवर नेऊन पुरेसा उजेड पडतो का ते पाहा, आणि निदान सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून घ्या. तोंडी हमी दुकानाच्या शटरबरोबर खाली येते.

स्टँडचा एवढा आग्रह का, तर मानेसाठी. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असणाऱ्यांनी पडदा आणखी खाली घेऊन थोडा मागे झुकवावा. नाहीतर जवळचं दिसणाऱ्या खालच्या भागातून वाचण्यासाठी ते दिवसभर हनुवटी वर करून बसतात आणि मग मानदुखीचा दोष पंख्याला देतात. स्टँड बुटका असेल तर खाली जाड ग्रंथ चालतात. मागे १०० × १०० मिलिमीटरची चार भोकं असतील तर पुढे हवा तो आर्म किंवा भिंतीचा ब्रॅकेट बसवता येतो.

नवा मॉनिटर ऑनलाइन मागवला तर परत करण्याची मुदत संपायच्या आत पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पडदे लावून डेड पिक्सेल पाहून घ्या. १९२० × १०८० म्हणजे २० लाखांहून अधिक पिक्सेल. त्यातले मोजके मेलेले असले तर बऱ्याच कंपन्या हमीत ते दोष धरत नाहीत. परताव्याच्या मुदतीत मात्र कारण न विचारता बदलून मिळण्याची शक्यता जास्त.

जुना मॉनिटर भंगारवाल्याला देऊ नये. एलईडीच्या आधीच्या मॉनिटरच्या बॅकलाइटच्या नळ्यांत पारा असतो आणि त्याहून जुन्या डबा मॉनिटरच्या काचेत शिसं. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि त्यानुसार जुना माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रापर्यंत जाईल याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवा घेताना दुकानदाराला जुना परत घेणार का, हे विचारा. देताना त्याची पॉवर केबल तेवढी काढून ठेवा. तीच केबल बहुतेक सीपीयूंनाही लागते.