धावतं वर्णन आणि आपले प्रश्न

मैत्रिणींनो, रेडिओवर क्रिकेटचं धावतं वर्णन लागलं की आपण स्वयंपाकघरातून फार तर ‘किती झाले हो?’ एवढंच विचारतो. ‘मिड-ऑन म्हणजे कुठे?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘तुला काय करायचंय?’

का बरं? आपल्या नागपूरला आकाशवाणी १९४८ साली आली, पहिला कसोटी सामना १९६९ साली झाला. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू जन्मानं नागपूरचेच. पुढे ते इंदूरला गेले. त्यांची मुलगी चंद्रा नायडू तिथे इंग्रजीच्या प्राध्यापिका. १९७७ साली इंदूरला झालेल्या मुंबई विरुद्ध एमसीसी सामन्याचं वर्णन त्यांनी केलं आणि भारतातल्या पहिल्या महिला समालोचक म्हणून त्या ओळखल्या गेल्या. २०२१ साली त्या वारल्या. एक बाई माईकसमोर बसून सांगू शकते, मग आपण विचारायला का लाजावं?

आता पोळपाट घ्या. हे मैदान. मधोमध उभं लाटणं, ही खेळपट्टी. तुमच्याकडच्या टोकाला उजव्या हातानं खेळणारा फलंदाज, पलीकडून गोलंदाज येतोय. तुमच्या उजवीकडची बाजू ऑफ, डावीकडची ऑन, म्हणजेच लेग. गोलंदाजाच्या टोकाजवळ, डावीकडे उभा तो मिड-ऑन. झालं!

आता रेडिओवर ‘चेंडू मिड-ऑनकडे’ ऐकलं की डोळ्यांपुढे चित्र उभं राहील. आणि मुलीनं असं काही विचारलं, तर ‘तुला काय करायचंय’ असं आपण तरी म्हणायचं नाही. पोळपाट पुढे करायचा!