मालकही आपणच, गडीही आपणच

बंगळुरूच्या आग्नेयेला, इब्लूर चौकातून सर्जापूर गावाकडे एक रस्ता जातो. पूर्वी हा रस्ता शेतांमधून आणि तळ्यांच्या काठाने जात असे. आज त्याच्या दोन्ही बाजूंना संगणक कंपन्या आणि उंच निवासी इमारती उभ्या आहेत. याच सर्जापूर रोडवर दोड्डकन्नेल्ली येथे 'विप्रो'चे मुख्यालय आहे. या कंपनीची सुरुवात आपल्या खानदेशातली. 1945 मध्ये अमळनेरला वनस्पती तूप बनवणारा कारखाना म्हणून ती स्थापन झाली.

पण आजचा विषय मोठ्या कंपनीचा नाही. अशाच इमारतींमध्ये राहून, कुणाची नोकरी न करता, एकट्याच्या बळावर कमावणाऱ्या माणसांचा आहे. कुणी जेवणाचे डबे देते, कुणी शिकवण्या घेते, कुणी कपडे शिवते, कुणी भाषांतर करते, तर कुणी घरबसल्या परगावच्या कंपनीसाठी संगणकाचे प्रोग्राम लिहिते. त्यात पुणे, नागपूर, बेळगावहून जोडीदाराच्या बदलीमुळे इथे आलेल्या आणि आपली नोकरी मागे ठेवावी लागलेल्या मराठी गृहिणीही असतात.

'साहेबाची कटकट नाही, हवे तेव्हा काम, हवी तेव्हा सुटी!' असे वाटून पुष्कळ जण या वाटेला लागतात. साहेब जातो हे खरे. पण त्याच्याबरोबर हिशेबनीस जातो, वसुली करणारा जातो, निरोप पोचवणारा शिपाईही जातो. ही सगळी कामे एकाच माणसावर येतात. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा : एकट्याच्या धंद्यात तुम्ही मालक असता आणि गडीही असता. मालकाने गड्याला नीट वागवले, तरच धंदा टिकतो.

गड्याला पगार किती?

नवखा माणूस भाव ठरवताना सामानाचा खर्च धरतो आणि स्वतःचे कष्ट फुकट धरतो. एक साधा हिशेब करून पाहा. समजा, तुम्हाला घरासाठी महिन्याला 30,000 रुपये हवेत. महिन्यात 25 दिवस, रोज सहा तास काम करायचे ठरवले. त्यातले दोन तास सामान आणणे, फोन घेणे, हिशेब लिहिणे यात जातात. उरले रोजचे चार, म्हणजे महिन्याचे 100 तास. एका तासाला 300 रुपये पडले पाहिजेत. वीज, इंटरनेट, रिक्षा असा वरखर्च 6,000 असेल, तर दर 360 वर जातो. सामानाची किंमत आणि कर निराळे.

हा आकडा पाहून अनेकांना धक्का बसतो. 'ओळखीतल्यांकडून एवढे कसे घ्यायचे?' असा संकोच वाटतो. सवलत जरूर द्या, पण ती सवलत आहे हे बिलावर लिहून द्या. फुकटाची एकदा सवय लागली की मोडणे कठीण.

दोन पाकिटे ठेवा

जुलै 2025 मध्ये कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयवरून जमा झालेल्या रकमा पाहून राज्यातल्या हजारो लहान व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या. बंगळुरूत चहावाले, बेकरीवाले, भाजीवाले सगळे हवालदिल झाले. अनेक दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. त्या वेळी जीएसटी नोंदणीची मर्यादा मालाच्या विक्रीसाठी वर्षाला 40 लाख आणि सेवेसाठी 20 लाख रुपये उलाढाल अशी होती. ताजी भाजी, सुटे दूध यांवर तर करच नव्हता. पण खात्यातली कोणती रक्कम विक्रीची आणि कोणती उसनवारीची, हे कोण सांगणार? धंद्याचे आणि घरचे पैसे एकाच खात्यात आले होते. पुढे मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांशी बैठक घेऊन जुन्या थकबाकीबाबत दिलासा दिला आणि वातावरण निवळले.

यातला धडा प्रत्येक एकांड्या व्यावसायिकाने घ्यावा. धंद्यासाठी बँकेत निराळे खाते उघडा. सगळी जमा तिथेच येऊ द्या. त्यातून दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला स्वतःचा पगार घरच्या खात्यात घाला. रोजची जमा-खर्चाची चार ओळींची वही रात्री झोपण्यापूर्वी लिहा.

अडकलेले पैसे

एकट्या माणसाला खरा त्रास होतो तो उधारीचा. काम वेळेवर दिले, पण पैसे 'पुढच्या आठवड्यात'. मोठ्या कंपनीशी भांडणार कोण? पुष्कळांना ठाऊक नसते की 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात यावर उपाय आहे. वस्तू बनवणाऱ्या वा सेवा देणाऱ्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

मात्र हा हक्क हवा असेल तर काम देण्याआधीच 'उद्यम' नोंदणी करून ठेवा. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली ही नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. कुणा दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. आणि काम कितीही छोटे असो, दर, मुदत आणि पैसे देण्याची तारीख लेखी घ्या.

घरावर आच नको

कायद्याच्या नजरेत एकल मालकीचा धंदा आणि मालक वेगळे नसतात. धंद्याचे कर्ज बुडाले तर देणेकरी तुमच्या घरापर्यंत पोचू शकतो. म्हणून कर्ज बेताने काढा. जोखीम मोठी असेल, तर 2013 च्या कंपनी कायद्याने एकाच व्यक्तीला कंपनी काढण्याची सोय दिली आहे. सनदी लेखापालाचा सल्ला घेऊन ठरवा.

नोकरदाराला भविष्यनिर्वाह निधी असतो, आजारपणाची रजा असते. तुम्हाला ती तजवीज स्वतःच करायची आहे. आरोग्य विमा आधी उतरवा. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते वर्षाला 500 रुपयांवरही चालू राहते, आणि राष्ट्रीय पेन्शन योजना 2009 पासून सर्व नागरिकांना खुली आहे. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय हातची नोकरी सोडू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच उदाहरण घ्या. 1888 मध्ये बेळगावला सायकलींचा व्यवसाय सुरू झाला, तेव्हा ते मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते आणि बेळगावची बाजू भाऊ रामूअण्णा सांभाळत होते. आधी धंद्याचे पाय रोवू दिले, मग नोकरी सोडली.

एकटे, पण एकाकी नको

दिवसभर बंद दाराआड काम करताना बोलायला कुणी नसते. एखादे काम हातचे गेले की मन खचते, आणि धीर देणारा सहकारी शेजारच्या टेबलावर नसतो. त्यासाठी आपल्याच व्यवसायातल्या दोघांतिघांशी आठवड्यातून एकदा भेट ठरवा. आजारपणात एकमेकांचे काम सांभाळता येते. परप्रांतात असाल तर तिथली भाषा शिका. सर्जापूर रोडवर भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये बोलणाऱ्याला माणसे लवकर आपली मानतात, आणि गिऱ्हाईक अशा ओळखींतूनच वाढते.

घरच्यांनाही सांगून ठेवा की कामाच्या वेळात 'तू घरीच तर आहेस' ही सबब चालणार नाही. आणि ती वेळ संपली की काम गुंडाळून ठेवण्याचा नियम स्वतःही पाळा.

इतके सांभाळल्यावर मिळते काय? मुलाच्या शाळेचा कार्यक्रम असेल त्या दिवशी रजेचा अर्ज करावा लागत नाही. बदलीच्या हुकमाने काम सुटत नाही. गाव बदलले तरी हातातली कला बरोबर येते. आणि एखादे अनोळखी गिऱ्हाईक 'तुमचे नाव ऐकून आले' म्हणते, तेव्हा ते नाव कुठल्या कंपनीचे नसते, तुमचे स्वतःचे असते. तेवढ्यासाठी आपल्यातल्या गड्याने कष्ट करावेत, आणि मालकाने त्या कष्टांचे मोल वेळच्या वेळी चुकते करावे.